चौदा दिवस, तेरा रात्री

आचरा, ता. मालवण
६ जानेवारी २०२५

चि. किशोरीस,
अनेक आशीर्वाद.

पाकीट बघून दचकू नको, कोणी गेलेलं नाही. मी फोनवर बोलत नाही हे तुला ठाऊक आहे. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं आणि मग माणसं म्हणतात, असं मी बोललोच नव्हतो.

मला गेल्या महिन्यात सत्तर पूर्ण झाली. आमचे हे तीस वर्षं बोटीवर होते. हॅम्बुर्ग, रॉटरडॅम, जिनोव्हा, सगळं बघून आले. मी त्यांच्या पेट्या उघडून वाडीत साबण आणि चॉकलेटं वाटली, तेवढाच माझा युरोप. आता समुद्राकडची जमीन रिसॉर्टवाल्याला भाड्याने दिली आहे. पैसा आहे, गुडघे अजून चालतात, मागे रडायला कोणी नाही. तेव्हा मेच्या अखेरीला चौदा दिवस जाऊन यायचं मी ठरवलं आहे.

टूरवाल्यांबरोबर जाणार नाही. ते सकाळी सहाला उठवतात, बसमधून मनोरा दाखवतात आणि दुपारी पनीर वाढतात. मला माझ्या पैशाने, माझ्या पायाने बघायचंय. त्यासाठी हिशेबाचं माणूस हवं. तू पतसंस्थेत सोळा वर्षं दुसऱ्याचे पैसे मोजते आहेस. तुझे वडील, माझे भाई, नेहमी सांगायचे की पोरीच्या हातून पाच रुपये इकडचे तिकडे झाले नाहीत.

कुठे राहायचं, कशाने जायचं, काय खायचं आणि एकूण किती लागतील, ते नीट मांडून पाठव. पुढचं पुढे बघू.

तुझ्या आईला माझा नमस्कार सांगायची गरज नाही.

तुझी आत्या,
तुळसा

*

कुडाळ
१२ जानेवारी २०२५

ती. तुळसाआत्येस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र मी पतसंस्थेत उघडलं आणि दुपारी कॅश जुळवताना दोनदा चुकले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

तुला हसू येईल, पण माझ्याकडे एक वही आहे. सहा वर्षांपूर्वी मॅनेजरसाहेब बायकोला घेऊन जाऊन आले, तेव्हापासून मी त्यात लिहीत आले. पॅरिसच्या कुठल्या भागात खोली स्वस्त, व्हेनिसमध्ये न राहता अलीकडच्या गावी राहिलं तर किती वाचतात, रोममध्ये रस्त्यातल्या नळाचं पाणी पिता येतं, असलं सगळं. जायचं नव्हतंच, नुसतं लिहायचं. आई म्हणायची, "ह्या वहीत काय रामरक्षा लिवतंस काय गो?"

पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमधलं लुसर्न तीन, व्हेनिसच्या अलीकडे दोन, रोम चार. चौदा दिवस, तेरा रात्री. दोघींचा मिळून खर्च असा बसतो: विमान एक लाख चोवीस हजार. हॉटेलं एक लाख साडेतेवीस हजार. आगगाड्या आणि बस शहाऐंशी हजार. जेवण माणशी दिवसाला तीन हजार धरून चौऱ्याऐंशी हजार. व्हिसा चोवीस हजार, विमा साडेअकरा (तुझं वय सत्तर असल्यामुळे तुझा जास्त पडतो), प्रवेशाची तिकिटं छत्तीस, आणि अडीअडचणीला चाळीस. एकूण पाच लाख एकोणतीस हजार.

पैसे एकदम बदलून घ्यायचे नाहीत. थोडे रोख, बाकीचे कार्डावर, आणि युरोचा भाव उतरेल तसे भरत जायचे. ते मी रोज बघेन.

आत्ये, वडील गेल्यापासून अकरा वर्षांत मी पणजीच्या पलीकडे गेलेली नाही. एकेचाळिसाव्या वर्षी कोणी आपल्याला असं विचारेल असं वाटलं नव्हतं.

तुझी,
किशोरी

*

आचरा
२१ जानेवारी २०२५

चि. किशोरीस आशीर्वाद.

मांडणी बरी आहे. अक्षर भाईंसारखं.

जेवणाला दिवसाला तीन हजार? माणशी? तिकडे जाऊन आपण काय रोज लग्नाला बसणार आहोत? भाजणी, मेतकूट, पोहे, तांदळाचं पीठ इथून न्यायचं. खोलीत चूल असेल अशी जागा बघ. मी रात्रीची जेवत नाही, तेव्हा बरोबरच्या माणसानेही रात्रीचं जेवायचं कारण नाही. हा आकडा निम्मा कर.

हॉटेलं अजून थोडी लांबची चालतील. चाळीस हजार अडीअडचणीचे कशाला? अडचण आली तर बघू.

आणि एक. तुझा पासपोर्ट, तुझा व्हिसा, तुझे गरम कपडे हे तुझं तू करायचं. पूर्ण फुकट मिळालेलं माणसाला गोड लागत नाही.

वहीतलं सगळं एका ठिकाणी स्वच्छ लिहून काढ. कुठल्या स्टेशनवर कुठल्या दाराने बाहेर पडायचं, तिकीट मागताना काय बोलायचं, संडासाला किती नाणी लागतात, सगळं. अडाण्यालाही वाचून जाता येईल असं. तिकिटं आणि खोल्या मी आमच्या ओमकारकडून करून घेईन. ह्यांचा पुतण्या, त्याच्याकडे क्रेडिट कार्ड आहे.

तुळसा

*

कुडाळ
९ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस सा. न.

जेवण बेचाळीसवर आणलं. स्वयंपाकघर असलेल्या खोल्या मिळाल्या, आणि हॉटेलं लांबची घेतल्यामुळे तिथेही अठरा हजार सुटले. अडीअडचणीचे वीस तरी असू देत, माझं ऐक. व्हिसा तुझा तू आणि माझा मी भरायचा, तेव्हा तुझ्या आकड्यातून अजून बारा हजार कमी झाले. तुझा खर्च आता चार लाख सदतीस हजारांवर आला आहे.

माझ्या पासपोर्टला पोलीस येऊन गेले. रजा मंजूर झाली, त्यातले सहा दिवस बिनपगारी. माझ्या खात्यात एकूण अडतीस हजार होते, त्यातून कोट आणि बूट घेतले. आरशासमोर कोट घालून उभी राहिले तर आई म्हणाली, "बाय माजे, आंबोलीक चाललंस काय?"

आईचं कसं करायचं ते ठरवलंय. तिचे गुडघे गेलेत आणि रक्तदाब आहे, पण बाकी ती खडखडीत आहे. आमच्या शेजारच्या किर्लोसकरीणबाई रात्री झोपायला येतील, आणि दिवसा पोळ्या करणारी बाई जरा जास्त थांबेल. दिवसाला सहाशे रुपये. ते मीच देणार आहे, तू काळजी करू नको.

वही उतरवते आहे. एकतीस पानं झाली.

किशोरी

*

आचरा
१८ फेब्रुवारी २०२५

चि. किशोरीस आशीर्वाद.

शेजारीण चालणार नाही. शेजारीण दोन दिवस येईल, तिसऱ्या दिवशी तिची सून बाळंत होईल. मग पॅरिसमध्ये तुझा फोन वाजणार, तू रडणार आणि माझे साडेचार लाख पाण्यात. पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईला असं अर्ध्या माणसांवर टाकून निघणारी मुलगी मला बरोबर नको.

वैभववाडीला स्टेशनच्या अलीकडे एक निवृत्त नर्स आठ-दहा म्हाताऱ्या सांभाळते. जागा स्वच्छ आहे, मी माणूस पाठवून चौकशी केली. दिवसाला नऊशे. तिथे ठेव. आणि नुसतं निघताना नाही. एप्रिलपासून ठेव, म्हणजे ती तिथे रुळते की नाही ते निघायच्या आधी कळेल. पैसे मी भरते, निघेपर्यंतचे सगळे.

हे जमत असेल तर पुढे बोलू. नसेल तर तसं लिही, मला दुसरी व्यवस्था बघायला वेळ हवा.

तुळसा

*

कुडाळ
२७ फेब्रुवारी २०२५

ती. आत्येस सा. न.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले तरी उत्तर लिहवत नव्हतं. आईला घराबाहेर, परक्यांत, दीड महिना... आत्ये, ती अजून सकाळी उठून स्वतः चहा करते. तुळशीला पाणी घालते. निदान मे महिन्यातच ठेवली तर? फक्त जायच्या आधी चार दिवस? किंवा तूच सांग, तिला चौदा दिवस आचऱ्याला तुझ्या घरी ठेवून तुझी कामवाली बघेल का? तिचा पगार मी देईन.

तुम्हा दोघींचं काही तरी जुनं आहे, एवढंच मला माहीत आहे. वडिलांनी कधी सांगितलं नाही आणि आईला विचारलं की ती भांडी आपटायला लागते. पण आता इतकी वर्षं झाली.

किशोरी

*

आचरा
५ मार्च २०२५

किशोरी,

माझ्या घरात नाही.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवतेस की नाही, एवढंच लिही. व्हिसाची तारीख ओमकारने २२ एप्रिलची घेतली आहे, मुंबईला.

तुळसा

*

कुडाळ
८ एप्रिल २०२५

ती. आत्येस सा. न.

परवा रविवारी आईला वैभववाडीला ठेवून आले.

तिला मी खरं सांगितलेलं नाही. गुडघ्याला तेल लावून शेक देतात, महिना-दीड महिन्यात पाय मोकळे होतात, असं सांगितलं. तिला ते पटलं. तिने स्वतः पिशवी भरली: तीन पातळं, चष्मा, देवीचा फोटो, आणि कोकमाची बाटली, तिकडचं कसं असेल म्हणून. रिक्षात बसताना म्हणाली, "खर्च खूप नाय मा गो?" मी म्हटलं, नाही.

तिथल्या बाई चांगल्या वाटल्या. खोलीत तीन खाटा आहेत. आईची खिडकीजवळ. मी निघाले तेव्हा ती शेजारच्या म्हातारीला विचारत होती, तुमका पण गुडघेच काय?

गाडीत मला खूप वाईट वाटलं. पण आत्ये, तुझ्यापाशी खोटं बोलत नाही, कुडाळला उतरून रिकाम्या घरात शिरले, दिवा लावला आणि वही काढून बसले, तेव्हा मला हलकंही वाटलं. कोणी हाक मारत नव्हतं. मी लुसर्नची तीन पानं एका बैठकीत लिहिली.

तुझ्या अटीप्रमाणे झालं आहे. आता तरी "नेते" म्हणून लिही.

किशोरी

*

आचरा
१४ एप्रिल २०२५

चि. किशोरीस अनेक आशीर्वाद.

छान केलंस. नर्सबाईंना पैसे पोचते केले.

पण तू अर्धवट लिहिलंस. निघताना ती रडली का? तुझ्यामागे दारापर्यंत आली का? मला ने परत, असं काही म्हणाली? तिला ओटीवर बसवून निघालीस की खोलीत? दर रविवारी जातेस, तेव्हा काय बोलते, जेवते की नाही, कोणाजवळ तक्रार करते, ते सगळं बारीकसारीक लिहीत जा. मी घरातली आहे, मला काळजी असणारच.

मुंबईला मी ओमकारबरोबर मोटारीने येईन. तू तुझी रेल्वेने ये. वही घेऊन ये, ओमकारला बुकिंग करायला लागेल.

तुळसा

*

कुडाळ
२७ एप्रिल २०२५

ती. आत्येस सा. न.

मुंबईहून परतल्यावर आज सवडीने लिहिते आहे. तुम्हाला सगळ्यांना तिथे बघून बरं वाटलं. ओमकारची बायको संचिता तुझ्या सोबतीला म्हणून एवढ्या लांब आली, चांगली मुलगी आहे. तिने वही चाळली आणि म्हणाली, "ताई, ही वाचून तर मी पण एकटी जाईन." मला इतकं बरं वाटलं! तुम्ही परत एकाच मोटारीने गेलात, मला पनवेलपर्यंत सोडलं असतंत तर चाललं असतं, पण असो, गाडीत जागा नसेल.

तू विचारलंस म्हणून आईचं लिहिते. पहिल्या रविवारी ती खूश होती. दुसऱ्या रविवारी विचारलं, तेल कधी लावतले? तिसऱ्या रविवारी तिने काहीच विचारलं नाही. पिशवी भरून खाटेच्या पायथ्याशी ठेवली होती. मी निघाले तशी तीही पिशवी घेऊन उठली. नर्सबाईंनी तिला हाताला धरून बसवलं. ती रडली नाही. तिने मला हाक मारली, मी वळले नाही, गाडी चुकली असती.

हे लिहून तुला का पाठवते आहे मला कळत नाही. तू विचारलंस म्हणून.

युरो सत्त्याण्णववर गेला आहे, आता थांबू नये, उरलेले भरून टाक.

किशोरी

*

कुडाळ
११ मे २०२५

ती. आत्येस सा. न.

दोन बातम्या आहेत. माझा व्हिसा आला. परवा कुरिअरवाल्याने पाकीट दिलं. पासपोर्टात माझा फोटो असलेलं ते पान मी दहा वेळा बघितलं.

दुसरी वाईट आहे. पाच तारखेला दुपारी आई पिशवी घेऊन फाटकाकडे निघाली. सगळ्या म्हाताऱ्या जेवून पडल्या होत्या, नर्सबाई औषधं मोजत होत्या. पायरीवरून पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्या बाईंनी लगेच गाडी करून कुडाळला आणली. सहा तारखेला ऑपरेशन झालं. एक लाख पस्तीस हजार लागले, मी पतसंस्थेतून कर्ज काढलं. कुठे निघाली होतीस म्हणून विचारलं तर म्हणाली, कुडाळची एसटी बघूक.

हॉस्पिटलात मी तिला खरं सांगून टाकलं. तेलबिल काही नव्हतं, मी युरोपला जाणार म्हणून तुला ठेवलं होतं. तिने विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, चौदा. ती बोटांवर मोजायला लागली. चौदापर्यंत गेली आणि परत एकपासून सुरुवात केली. गुंगीच्या औषधाने होतं असं, डॉक्टर म्हणतात, उतरेल.

आत्ये, मी सगळं मांडून बघितलं आहे. निघायच्या दिवशी, सव्वीस मेला, ऑपरेशनला वीस दिवस होतील. टाके निघालेले असतील. तिला सहा आठवडे उठायचंच नाही, म्हणजे मी असले काय, नसले काय, ती खाटेवरच असणार. नर्सबाई परत ठेवायला तयार आहेत, आता दिवसाला चौदाशे म्हणतात. ते मी भरेन. मी येईन. तू दुसरं माणूस बघू नको. मी ठरवलं आहे.

तिकिटाची एक प्रत ओमकारला पाठवायला सांग, अजून माझ्याकडे नाही.

किशोरी

*

आचरा
१७ मे २०२५

किशोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आता माझं एकदा नीट वाच.

१९८६ सालचा मार्च. मला आठवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून ट्रंक घेऊन आचऱ्याहून एसटीने कुडाळला आले. आमचे हे बोटीवर, भाई नोकरीला मुंबईत. घरात तुझी आई आणि तू, दोन वर्षांची. तिने मला ओटीवरून आत घेतलं नाही. म्हणाली, "माझ्या एकटीच्यान तुझी बाळंतपणा होवची नाय. तुका सासर नाय काय?" मी म्हटलं, वहिनी, आज रात्रीपुरती तरी राहते. म्हणाली, आज रवलंस तर उद्या खंय जातलंस? आणि दार लोटून घेतलं. पाणी विचारलं नाही. मी दोन तास ओटीवर ट्रंकेवर बसले होते. आतून तुझ्याशी खेळत असलेला तिचा आवाज येत होता. मग दुपारच्या गाडीने परत आले. तेव्हाचे रस्ते तुला माहीत नाहीत. तिसऱ्या दिवशी मुलगा झाला. रडला नाही. त्याच्यानंतर मला काही झालं नाही.

भाई दर चतुर्थीला येऊन माझे पाय धरायचे. ती एकदाही आली नाही.

मला फक्त एवढंच बघायचं होतं, की तिची पिशवी घेऊन तिला परक्याच्या दारात कोण बसवतं. पैसे देऊन मी माणसं लावू शकले असते. पण मला ते तिच्याच पोरीच्या हातून हवं होतं. तू फार लवकर तयार झालीस गो. मला वाटलं होतं, चार-सहा पत्रं जास्त लागतील.

ती पडावी असं मी म्हटलं नव्हतं. पडली याचं वाईटही वाटत नाही.

आता तुझं. आईचं हाड मोडलेलं, ती बोटं मोजते आहे, आणि तू लिहितेस मी येईन, टाके निघालेले असतील. असं माणूस मी बरोबर नेऊ? तू मला पॅरिसच्या स्टेशनात बाकावर बसवून निघून जाशील आणि त्याचाही हिशेब बरोबर मांडशील.

संचिता येते आहे. तिचा व्हिसा त्याच दिवशी, तुझं आटोपून तू बाहेर गेल्यावर, त्याच खिडकीवर झाला. तुझं तिकीट काढलेलंच नव्हतं. व्हिसासाठी नुसतं धरून ठेवलेलं होतं, ते रद्द झालं. माझी सगळी पत्रं काढून बघ, तुला नेते असं मी कुठेही लिहिलेलं नाही.

वही चांगली आहे. वाया जाणार नाही.

तुळसा

*

(चित्राचं कार्ड, लाकडी पूल, तळं, मागे बर्फाचा डोंगर)

लुसर्न
१ जून २०२५

किशोरी,

तुझी खोली स्टेशनपासून बरोबर अकरा मिनिटांवर निघाली. तू लिहिलेल्या दारानेच बाहेर पडलो. संडासाला नाणी पुरली. पॅरिसपर्यंत तुझ्या आकड्यापेक्षा साडेसहा हजार कमी खर्च झाले. संचिता रात्रीची जेवते, तरीही.

बर्फ बघितला. पांढरा असतो, बाकी काही नाही.

तुळसा

*

कुडाळ
२९ जून २०२५

श्रीमती तुळसाबाई यांस,

कार्ड पोचलं. पत्रही तेव्हाच पोचलं होतं, उत्तराला उशीर झाला. घरात वेळ होत नाही.

तुम्ही १९८६ चं लिहिलंत ते खरं आहे असं मी धरून चालते. आई तशी वागली असेल. मी तिच्याबरोबर एकेचाळीस वर्षं राहिले आहे, तिला परक्याचं करणं कधी झालं नाही, आणि नणंद तिच्या लेखी परकीच. त्या मुलाचं मला आधी माहीत असतं तर मी तुमच्या दारात येऊन बसले असते. मला कोणी सांगितलं नाही.

आणि तुम्ही माझ्याविषयी लिहिलंत तेही खोटं नाही. आईला मी तुमच्या सांगण्यावरून ठेवलं नाही. मला जायचं होतं म्हणून ठेवलं. तुम्ही नुसती जागा दाखवलीत आणि पैसे भरलेत. हे मी रोज स्वतःला सांगते, म्हणजे तुमच्यावर टाकून मोकळं व्हायची सवय लागणार नाही.

पण एक गोष्ट तुम्हाला कळवायला हवी. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी मी आईच्या खाटेवर बसले आणि विचारलं, "आये, तू तुळसाआत्येक दारातसून परत धाडलं होतंस?" तिने पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाली, "कोण तुळसा?" मी सगळं सांगितलं. भाईंची बहीण, आचऱ्याची, बोटीवाल्यांची बायको, आठवा महिना, ट्रंक. ती ऐकत होती, दुसऱ्या कोणाची गजाल ऐकावी तशी. शेवटी म्हणाली, "अगे बाय गे. कोणी केल्यान गो असा तिका?" आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तुमच्यासाठी. तिला जे भोगायला लावलंत ते कशाबद्दल होतं, हे तिला माहीत नाही आणि आता कधी कळणारही नाही. डॉक्टर म्हणतात, ऑपरेशननंतर काही म्हाताऱ्या माणसांचं असं होतं. थोड्यांचं परत येतं. हिचं येणार नाही असं दिसतं.

तिला मी बावीस मेलाच घरी आणली. पतसंस्थेतली नोकरी अर्ध्या वेळेची करून घेतली, पगारही अर्धा. कर्जाचा हप्ता जाऊन जे उरतं त्यात दोघींचं भागतं. कोट विकला.

तिचे पाय मी चेपते, पेज भरवते, कूस वळवते. ती फार शांत झाली आहे. मला ओळखत नाही. मी नर्सबाईंकडची कोणी बाई, इथे कामाला ठेवलेली, असं तिला वाटतं. ती मला "बाय" म्हणते आणि माझ्याशी फार गोड वागते, इतकी गोड ती माझ्याशी जन्मात वागली नव्हती. काल शेजारच्या किर्लोसकरीणबाई आल्या आणि आईला काही आठवतं का बघायला त्यांनी विचारलं, तुमचा चेडू, किशोरी, खंय आसा? तर उशीवरून मान वर करून म्हणाली, "माझा चेडू युरोपाक गेला. चौदा दिवसांत येतला." किर्लोसकरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी पेज ढवळत राहिले.

त्या गेल्यावर आईने माझा हात धरला आणि हळूच विचारलं, "बाय, तू जेवलंस? माझ्या चेडवाक सांगू नको, पण त्या डब्यात लाडू आसत, एक घे."

किशोरी